झोनमागे एकच शाळा

सरकारी शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की जे सुरू होतं, ते घरी मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर होतं त्याहून फारसं वेगळं नसतं. पडकं ते झाकायचं, फाटकं ते आत ढकलायचं, आणि जे काय बरं असेल ते दारातच मांडून ठेवायचं. गोविंदपुऱ्याच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका वैजयंती हरदास यांचा तर या कामात हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे होते आणि ते पावसाळ्यात गळत. गळत म्हणजे ठिबकत नव्हे, चांगले बदाबदा गळत. भिंतींवर ओलीचे हिरवे डाग चढले होते. बाईंनी त्या डागांवर भारताचा मोठा नकाशा टांगला, शेजारी मध्य प्रदेशाचा, आणि तरीही उरलेल्या जागी पाढ्यांचे तक्ते. साहेब येत, पुढच्या रंगवलेल्या खोलीत बसत, शेव घातलेले पोहे आणि वर दोन जिलब्या खात, आणि शेऱ्यात 'उत्तम' लिहून निघून जात.

आता उत्तम शाळेला दुरुस्तीचे पैसे कोण देणार? ही साधी गोष्ट लक्षात यायला बाईंना कितीतरी पावसाळे जावे लागले. त्यांचा दोष म्हणावा तर तो लग्नापासूनचा. सासरे नागपूरहून कचेरीबरोबर बदलून भोपाळला आले तेव्हापासून त्या घरात एकच शिकवण होती, की आपलं दुखणं पाहुण्यापुढे काढायचं नाही. बाईंनी सासरच्या घरातली ही शिकवण शाळेत नेली आणि इमाने इतबारे पाळली.

यंदाच्या पावसात मात्र पाणी विजेच्या बटणांत शिरलं. मागच्या खोल्यांची वीज तोडून टाकावी लागली, आणि सहावी-सातवीची मुलं सगळा पावसाळा व्हरांड्यात शिंतोडे झेलत बसली. बाई घरी येऊन धुसफुसल्या, "इतके साहेब येऊन गेले, एकालाही तो नकाशा जरा उचलून बघावासा वाटला नाही?"

त्यांचे यजमान नरहरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते मटार सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "पण टांगला कोणी होता?"

त्या संध्याकाळी नरहररावांना आमटीत मीठ कमी लागलं, पण ते शहाणे असल्यामुळे बोलले नाहीत.

पाऊस संपला आणि सरकारला न्यायाची आठवण झाली. नवी योजना आली. शहराच्या प्रत्येक झोनमधली एकच शाळा निवडायची, पण तिची दुरुस्ती पायापासून छपरापर्यंत पुरी करायची. शाळा कुठली, तर जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती. ज्याची ओळख जास्त त्याची नव्हे. आणि 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' होऊ नये म्हणून आणखी एक शक्कल काढली होती. कोणी आपल्या शाळेची पाहणी करायची नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापकाने दुसऱ्या शाळेत जायचं, बरोबर खात्याचा इंजिनियर, दोघांनी पाहून गुण द्यायचे आणि सही करायची. कोणी कुठं जायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. कागदावर याहून न्यायाची गोष्ट दुसरी नसेल.

बाई येत्या जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांना दुसरं काही नको होतं. निरोपाची शाल नको, मानपत्र नको. जायच्या आधी त्या दोन खोल्यांवर धड छप्पर बघायचं होतं. पुढच्या पावसात सहावीची मुलं कोरडी बसली आहेत हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग घरी बसून मटार सोलायला त्या मोकळ्या होत्या.

शाळेतले विज्ञानाचे मास्तर निखिल हे भोपाळातच वाढलेले, मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरतील त्यांचं त्यांनाच कळत नसे. ते म्हणाले, "मॅडम, या वेळी प्लीज काही झाकू नका. टपकतंय तर टपकने दो. लोकांना दिसू तर द्या."

बाईंनी स्वतःच्या हाताने नकाशे उतरवले. उतरवताना त्यांना इतकी लाज वाटली की जणू फाटक्या पातळात चारचौघांपुढे उभं केलं आहे. पण उतरवले. चिठ्ठीने आलेले एक मुख्याध्यापक आणि इंजिनियर दुबे पाहणी करून गेले. दुब्यांनी पत्र्याच्या भोकांतून खाली पडलेले उन्हाचे कवडसे पाहिले, जळालेली बटणं पाहिली, आणि जाता जाता म्हणाले, "मैडम, आपका तो लगभग तय समझिए."

'लगभग' हा सरकारी शब्द आहे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. शाळेला आनंदीआनंद झाला. शाळेच्या भिंतीला लागूनच शाकिरभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांची एक मुलगी सहावीत, एक सातवीत. ते डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बड़ी मैडम, छत खुले तो मुझे बोलना. ऐंगल मैं बना दूँगा, मजूरी का नाम मत लेना."

पुढच्या आठवड्यात बाईंची पाळी आली. चिठ्ठीत निघाली सोनागिरीची प्राथमिक शाळा, आणि तिथल्या मुख्याध्यापिका नलिनी आगाशे.

या दोघींची ओळख जुनी, मराठी मंडळाच्या गणपतीतली. नलिनीताईंचे यजमान पुण्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. दोघींना एकमेकींच्या हातची पुरणपोळी आवडत नसे, आणि दोघी दर वर्षी एकमेकींना "किती छान झालीय हो" म्हणत. एवढ्यावर उत्तम चाललं होतं.

सोनागिरीला पोचल्याबरोबर बाईंच्या नाकाने काय ते ओळखलं. ताज्या चुन्याचा वास. दारात रांगोळी, मुलं अंगणात रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणत होती, नलिनीताईंनी कुंकू लावून नारळ दिला. "या वैजयंतीताई, या दुबेजी, आधी काहीतरी खाऊन घ्या, मग बघायचं ते बघा." आणि त्यांनी दोघांना नेऊन बसवलं ते पाचवीच्या वर्गात, कारण तो सगळ्यात चांगला रंगवलेला होता.

पोहे आले. वर शेव होती. जिलब्याही होत्या.

बाईंनी पहिला घास घेतला आणि समोर बघितलं. समोरच्या भिंतीला, दोन खिडक्यांच्या मधोमध, एक भलंमोठं लोखंडी कपाट उभं होतं. त्यांच्या मनात आलं, कपाट कोपऱ्यात असतं. दोन खिडक्यांच्या मधे कपाट ठेवून कोणी आपला उजेड अडवत नाही. ठेवलंच, तर मागे काहीतरी असतं. दुब्यांना हे कळणं शक्य नव्हतं, कारण दुब्यांनी आयुष्यात कधी पाहुण्यांसाठी खोली सजवली नव्हती. बाईंनी जन्मभर तेच केलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंना बरं वाटलं. मनातून गार गार वाटलं. त्या कपाटामागे जे काय असेल ते तिथंच राहो, नलिनीताईंची शाळा देखणी दिसो, उत्तम म्हणून गणली जाओ, आणि माझ्या सहावीला छप्पर मिळो. यात आपण खोटं काय केलं? जे दाखवलं ते बघितलं. इतकी वर्षं आपल्याकडे येणाऱ्यांनी तेच केलं.

दुबे घाईत होते. त्यांना दुपारपर्यंत आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या. जिलबी तोंडात टाकत त्यांनी कागद पुढे केला. "यहाँ तो सब बढ़िया है. मैडम, दस्तखत कर दीजिए."

"अजून घ्या ना थोडे," नलिनीताई पोह्यांचा डाव घेऊन वाकल्या. "लिंबू पिळू?"

तो आग्रह बाईंच्या चांगला ओळखीचा होता. हा नुसता पाहुणचार नव्हता. खाणाऱ्याचं तोंड भरलेलं राहावं, मान ताटलीत राहावी, नजर भिंतीवर जाऊ नये, यासाठीचा तो आग्रह होता. असा आग्रह त्यांनी स्वतः किती साहेबांना केला होता! आणि ते सगळे साहेब मान खाली घालून खात गेले होते. त्यांच्यावर आपण यंदाचा अख्खा पावसाळा चिडलो होतो, आणि आज त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांचेच पोहे खातो आहोत.

त्यांनी ताटली बाजूला ठेवली.

"इथं कोणता वर्ग बसतो?" त्यांनी विचारलं.

"पाचवी," नलिनीताई म्हणाल्या.

"ते कपाट जरा सरकवू या का?"

नलिनीताईंचा डाव तसाच हवेत राहिला. "कपाट? अहो, जड आहे फार. पुस्तकं भरलीयत."

"दोघंजण सरकवू. दुबेजी, ज़रा हाथ लगाइए."

कपाट मुळीच जड नव्हतं. ते रिकामं होतं. एका हिसक्यात सरकलं, आणि मागे भिंत उघडी पडली. छतापासून जमिनीपर्यंत एक भेग गेली होती, आणि भिंतीचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूला कललेला. भेगेतून मागच्या कडुनिंबाचा हिरवा पाला दिसत होता. दुब्यांनी आधी पेन घालून पाहिलं, मग बोटं, आणि मग हाताचा अख्खा पंजा आत गेला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला आणि खुर्ची भिंतीपासून लांब ओढली.

"हे राम," ते म्हणाले.

नलिनीताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्या मराठीत बोलल्या, म्हणजे दुब्यांना कळू नये म्हणून, पण त्या सुरात जे होतं ते कोणत्याही भाषेत कळलं असतं. "वैजयंतीताई, तुम्ही पाहुण्या म्हणून आलात. असं वागतात पाहुणे?"

"पाहुणी नाही आले मी. पाहणीला आलेय."

"तुम्हाला काय माहीत आहे हो? मला हौस आहे का कपाटं मांडायची? पलीकडच्या वस्तीतल्या शाळेनं दोन वर्षांपूर्वी खरं खरं लिहून दिलं. इमारत धोक्याची आहे म्हणून. दुरुस्ती राहिली बाजूला, दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. मुलांना लांबलांबच्या शाळांत वाटून टाकलं. मुली तर निम्म्या घरीच बसल्या. ते कुलूप अजून तसंच आहे. मी लिहून देऊ? आणि माझी मुलं रस्त्यावर आणू?"

"आणि भिंत?"

"भिंत मी सांभाळतेय," नलिनीताई म्हणाल्या.

बाईंना त्यांची दया आली आणि रागही आला. भिंत काय सांभाळायची वस्तू आहे? ती पडायची त्या दिवशी विचारून पडणार आहे का? पण तसं त्या बोलल्या नाहीत, कारण बोलणाऱ्या बाईची अवस्था त्यांना आतून बाहेरून माहीत होती. त्यांनी कागद ओढून घेतला. भिंतींच्या रकान्यात धोकादायक असं लिहिलं. आणि खाली शेऱ्याच्या जागेत, जिथं आजवर लोक 'उत्तम' एवढंच लिहीत आले, तिथं बारीक अक्षरांत लिहिलं की शाळेला कुलूप लावू नये, आधी वर्ग जवळपास हलवावेत आणि लगेच दुरुस्ती करावी, ही शाळा यादीत पहिली धरावी.

सही करण्याआधी दुब्यांनी त्यांना थांबवलं. माणूस घाईचा असला तरी वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "मैडम, आप समझ रही हैं न? झोन में एक ही मिलेगा. फिर आपका..."

"समझ रही हूँ," बाई म्हणाल्या आणि सही केली.

परतीच्या रिक्षात मात्र त्यांचा जीव जळला. आपण कोण लागून गेलो हरिश्चंद्राचे अवतार? एक कपाट दोन हात सरकवलं नसतं तर काय बिघडलं असतं? भिंत इतकी वर्षं उभी होती, आणखी एक वर्ष राहिली असती. मग लगेच मनात यायचं, नसती राहिली तर? आणि असं उलटसुलट करत त्या घरी पोचल्या. नरहररावांनी सगळं ऐकून घेतलं. आता ते काहीतरी टोचून बोलणार म्हणून बाई कंबर कसून बसल्या होत्या. पण ते उठले, आलं किसून चहा केला, आणि कप त्यांच्यापुढे ठेवून गुपचूप शेजारी बसले. तेव्हा बाईंना रडू फुटलं. टोचून बोलले असते तर परवडलं असतं.

डिसेंबरात यादी लागली. झोनमधून सोनागिरी. गोविंदपुरा दुसऱ्या नंबरावर, आणि दुसऱ्या नंबराला या योजनेत काहीच नव्हतं.

गोष्ट लपून राहिली नाही. दुब्यांनी कौतुकाने कुठंतरी सांगितली आणि ती फिरत फिरत शाळेत आली, तोपर्यंत तिच्यातलं कौतुक गळून गेलं होतं. निखिल मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मी आपलं झाकू नका म्हटलं होतं. दुसऱ्यांचं उघडा, ऐसा तो नहीं बोला था."

बाईंनी टेबलावरची यादी घडी करून खणात टाकली.

शाकिरभाई तर सरळ कार्यालयातच येऊन उभे राहिले. अंगावर कामाचे कपडे, हातांना काजळी. "मैडम, सुना है आप अपने हाथ से अपनी छत दे आईं."

"हो, शाकिरभाई."

"मेरी दोनों बच्चियाँ उसी छत के नीचे बैठती हैं."

"मालूम है. अपनी छत टपकती है, शाकिरभाई. उनकी दीवार गिरने वाली है. टपकने में बच्चे भीगते हैं. गिरने में..." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आप पहले किसको देते?"

शाकिरभाईंनी खिडकीतून मागच्या खोल्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैं तो अपनी बच्चियों को देता, मैडम. बाप हूँ," आणि निघून गेले. खोटं बोलले नाहीत म्हणून बाईंना त्यांचा राग आला नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी दुकानातून सलाम केला नाही आणि त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

संक्रांत आली. बाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या बायका आल्या, वाण लुटलं, तिळगूळ देऊन गोड बोलून गेल्या. सगळ्यात शेवटी दारात नलिनीताई उभ्या. पाहणीच्या दिवसानंतर दोघींचं बोलणं बंद होतं. मंडळाच्या कार्यक्रमाला दोघी दोन टोकांना बसत.

बाई म्हणाल्या, "या."

नलिनीताई सतरंजीवर बसल्या. तिळगुळाची वडी हातात घेऊन बसल्या, खाल्ली नाही. बाकीच्या बायका जाईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात काम सुरू होतंय. इमारत रिकामी करायला सांगितलीय. लहान वर्ग तिथल्या सामुदायिक भवनात बसतील. चौथी आणि पाचवीला जागा नाही. वरचे म्हणतायत, मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवा. तिथं एवढी मुलं कशी जायची? ट्रक धावतात त्या रस्त्यावरून." त्या थांबल्या. "गोविंदपुरा जवळ आहे."

बाईंच्या तोंडून निघालंच, "म्हणजे पैसा तुम्हाला आणि पोरं आम्हाला?"

"हो," नलिनीताई म्हणाल्या. "तसंच आहे ते. मी वळसे घेऊन सांगणार नाही. त्या दिवशी कपाट तुम्ही सरकवलंत, वैजयंतीताई. माझी मुलं आता कुठं बसवू, तेही तुम्हीच सांगा."

आतल्या खोलीत नरहररावांच्या वर्तमानपत्राचा आवाज थांबला. ते कान देऊन ऐकत होते हे उघड होतं.

बाईंना मनातून नाही म्हणायचं होतं. शाळेत तोंड दाखवायची चोरी झाली होती, त्यात आता ही मुलं आणून उभी केली तर निखिल काय म्हणेल, शाकिरभाई काय म्हणतील? ज्यांच्यामुळे छप्पर गेलं त्यांनाच त्या छपराखाली आणायचं? पण नलिनीताईंच्या हातातली वडी घामाने विरघळत चालली होती. पुण्याची ही बाई, जिने भेगेपुढे कपाट लावलं पण कोणापुढे हात पसरला नाही, ती आज दुसऱ्याच्या सतरंजीवर बसून मागत होती. तिला हे किती जड गेलं असेल हे बाईंइतकं कोणाला कळणार? त्यांना स्वतःला ते जमलं नसतं.

"मागच्या दोन खोल्या आहेत," बाई म्हणाल्या. "वीज नाही. पाऊस येईपर्यंत कोरड्या असतात. माझी सहावी-सातवी एकीत बसवते, दुसरी पाचवीला घ्या. चौथी माझ्या ऑफिसात बसेल."

"आणि तुम्ही?"

"व्हरांड्यात. ऊन चांगलं असतं थंडीत." मग त्या उठल्या आणि करंडा घेऊन नलिनीताईंना हळदकुंकू लावलं. "ती वडी खा आता. किंवा टाका. तसाही पाक बिघडलाय माझा."

"छान झालीय हो," नलिनीताई म्हणाल्या, आणि दोघींना हसू आलं.

शाळेत सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. सातवीच्या मुलांनी दाटीवाटीने बसताना कुरकुर केली, निखिल मास्तरांनी बाकं हलवताना मुद्दाम आवाज केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं टेबल व्हरांड्यात आलं आणि वाऱ्याने कागद उडू लागले.

सोमवारी सकाळी सोनागिरीची मुलं आली. नलिनीताई पुढे, एक शिक्षिका मागे, मध्ये मुलांची रांग. दप्तरं, डबे, नाकं वाहणारी, टोप्या डोळ्यांवर आलेल्या. चौथीला ऑफिसात बसवलं. पाचवी मागच्या खोलीत गेली. तिथं बाकं नव्हती, सतरंज्या अंथरल्या होत्या.

थोड्या वेळाने निखिल मास्तर व्हरांड्यात आले. त्यांचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा होता. "मॅडम, जरा येऊन बघता का? ही मुलं नीट बसतच नाहीयेत."

बाई गेल्या. खोली चांगली मोठी होती, पण सगळी पाचवी खोलीच्या मधोमध एकमेकांना चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, थंडीतल्या कोंबडीच्या पिलांसारखी. कडेच्या सतरंज्या रिकाम्या. कोणाची पाटी कोणाच्या पाठीवर, कोणाचं कोपर कोणाच्या पोटात. चारी बाजूंना मोकळी जागा आणि मुलं मध्ये चेंगरलेली.

"फैल के बैठो, बच्चों," निखिल मास्तर म्हणाले. "पीछे इतनी जगह है."

कोणी हललं नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"क्यों नहीं बैठते?" बाईंनी विचारलं.

पुढे बसलेली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. तिने शाळेत उत्तर द्यावं तसं नीट उत्तर दिलं. "दीवार के पास नहीं बैठना है, मैडम. दीवार से टिकना भी नहीं है. हमारी मैडम रोज़ बोलती हैं. जो टिकेगा, उसको खड़ा करेंगी."

बाईंनी मागे वळून पाहिलं. नलिनीताई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्या खाली बघत होत्या. भिंत मी सांभाळतेय, असं म्हणाल्या होत्या त्या. त्या भिंत सांभाळत नव्हत्या, पोरं सांभाळत होत्या, रोज, एकटीने, आणि वर पाहुण्यांना पोहे करून घालत होत्या. छप्पर गेल्याचं जे दुःख एवढे दिवस छातीवर बसलं होतं, ते नाहीसं झालं असं म्हणता येणार नाही, पण छप्पर योग्य जागी गेलं आहे याबद्दल आता त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. शेजारी निखिल मास्तरांनी चष्मा काढला आणि ते उगाचच तो पुसत राहिले.

बाईंनी दाराशी चपला काढल्या. गुडघे धरून, हळूहळू, त्या मागच्या भिंतीपाशी जमिनीवर बसल्या, आणि त्यांनी आपली पाठ भिंतीला पुरती टेकवली. डोकंसुद्धा टेकवलं.

"ये वाली नहीं गिरेगी," त्या म्हणाल्या. "आओ."

मुलीने आपल्या मॅडमकडे पाहिलं. नलिनीताईंनी मान हलवून हो म्हटलं.

"पक्का?" मुलीने बाईंना विचारलं.

"पक्का."

ती आली. आधी तिने भिंतीला तळहात लावून बघितला, मग खांदा, आणि मग बाईंच्या शेजारी बसून हळूच पाठ टेकली. थोडा वेळ ती श्वास धरून होती. काहीच झालं नाही, तेव्हा तिने पाय लांब केले. मग दुसरी आली, मग दोन मुलगे एकदम आले आणि जागेवरून भांडू लागले. बाई तशाच बसून होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. हळूहळू चारी भिंती मुलांनी भरून गेल्या आणि खोलीचा मधला भाग रिकामा झाला.